पुढच्यानं सांगायचं

बुधवार, १६ जानेवारी १९७४

म्हणे मेळावा! तोही आमच्या थडी पिंपरीत.

आज दुपारी दिनकरराव आले. तालुक्याचे विस्तार अधिकारी. फटफटीवरून, अंगावर धूळ आणि तोंडभर हसू. 'गोदाकाठ लोककला मेळावा', २ आणि ३ फेब्रुवारी, शनिवार-रविवार. आमचंच गाव का? तर इथे भोयांची वस्ती आहे, डोह आहे, जाळी आहेत, नाव आहे. फोटो चांगले येतील. हेडमास्तर रजेवर (ते कधी नसतात?), म्हणजे याद्या करायला, माणसं गोळा करायला, पोरांची लेझीम बसवायला राहिलं कोण? "सत्यशीलाबाई, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे." असे निश्चिंत लोक भेटले की माझी कंबर आधी दुखायला लागते.

यादी बरीच लांब आहे. जुनी जाळी, पोहायचे वाळलेले भोपळे, जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, भारूड. आणि मेणा! देशमुखांच्या माळ्यावर जुना मेणा पडून आहे. पडदे लावलेली, त्यांच्या बायकांना वाहून न्यायची पालखी. तो भोयांनी खांद्यावर घेऊन पाहुण्यांपुढे मिरवायचा. नदीपलीकडच्या आमच्या वाडीची गायन पार्टी यादीत सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

आईला वालूरला पत्र टाकलं, या महिन्यात येणं होत नाही. गेल्या महिन्यातही हेच लिहिलं होतं.

गुरुवार, १७ जानेवारी

डोकं ठणकतंय. त्या लिंबाजीचा डबा!

दीड वर्ष झालं इथे येऊन. गावात खोल्या होत्या, पण माझं आडनाव कळलं की एकही रिकामी नसायची. म्हणून नदीपलीकडे आमच्या समाजाच्या दहा घरांच्या वाडीत, बायनाबाईंकडे राहते. सकाळी वाडीची सतरा पोरं घेऊन नावेत बसायचं, शाळा सुटली की परत. नाव पंचायतीची, वल्हवणारा भुजंग भोई. त्याची काही तक्रार नाही. शांत माणूस.

पण आम्ही नावेत बसलो रे बसलो की गावाकडच्या घाटावर लिंबाजी रॉकेलचा रिकामा डबा बडवायला सुरुवात करतो. हाही भोईच, साठीचा. जाळ्यावरचे पाणकावळे उडवतो म्हणे. बरं, संध्याकाळी तरी सुटका? नाही. तेव्हा हा आमच्या काठाला जाळं टाकून बसलेला, आणि आम्ही निघालो की इथेही ढण् ढण् ढण्. मागच्या जन्मावर माझा विश्वास नाही, नाहीतर मी त्याचा पाणकावळा मारला असणार असंच समजले असते.

शनिवार, १९ जानेवारी

हे लिहावं की नको? लिहिते. वाचणार कोण आहे.

पोरं नावेत चढताना भुजंग प्रत्येकाला नाव सांगायला लावतो. "कोन?" "रुख्मिणी." "बस. कोन?" मला वाटायचं, म्हातारा हौशी आहे, हजेरी-हजेरी खेळतो. आज बायनाबाईंची नात मनकर्णा रुसलेली होती. आठ वर्षांची आहे, रुसली की कुणाच्या बापाला बोलत नाही. तिनं नाव सांगितलं नाही. एक पाय नावेत, एक काठावर — आणि भुजंगनं बांबू टेकून नाव ढकलली! पोरगी कमरेपर्यंत पाण्यात. मी दंड धरून वर ओढली. भुजंग विचारतोय, कोण पडलं, कोण होतं, आणि त्याचं तोंड भलतीकडेच.

शाळा सकाळचीच होती. परत येताना सगळी पोरं उतरून गेली तरी मी मागे राहिले. काही न बोलता त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला.

"बाई," तो म्हणाला, "हात कशाला हलवायल्या? वारा लागायलाय."

रविवार, २० जानेवारी

सुट्टी. तरी घाटावर गेले. भुजंग नावेतलं पाणी उपसत होता. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं त्यानं.

आधी सांजचं दिसेनासं झालं, मग दिवसाचंही. दिवसाचं जाऊन चार वर्षं झाली, आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. नदी हाताला कळते म्हणतो. कुठे बांबू टेकतो, कुठे वल्हं घ्यायचं, कुठे पाणी ओढतं, सगळं हाताला. चार वर्षांत एक तरी लेकरू भिजलं का, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, काल भिजलं. मग पुन्हा पाणी उपसायला लागला.

खालच्या अंगाला खडकांची रांग आहे, तिथे पाणी घुसळतं. सतरा पोरं. मलाही पोहता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, सरपंचांच्या कानावर घालावं लागेल. म्हणजे घाट, नावेचं काम, त्याच्याकडून जाणार, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. बायको गेलेली, पोरबाळ नाही. नाव गेली की हा वस्तीत कुणाच्या तरी ओट्यावर बसून भाकरीची वाट बघणार. रडला-बिडला नाही. एवढंच म्हणाला:

"मेण्याला एकदा खांदा लावू द्या. मंग सांगा तुमी. मी न्हाई म्हननार न्हाई."

मी मेळाव्यापर्यंत मुदत दिली. सोमवारी, ४ तारखेला सांगणार. तोवर रोज नावेत त्याच्याजवळ बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघायचं. ही दया आहे की माझा आळस? भांडायला, चावडीवर जायला अंगात जीवच नाही, हेही खरं आहे.

मंगळवार, २२ जानेवारी

मेण्याची भानगड आज बायनाबाईंकडून कळली.

थडी पिंपरीत मेणा वाहणारी शेवटची जोडी म्हणजे भुजंग आणि लिंबाजी. लिंबाजी पुढे, भुजंग मागे. बावीस वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला देशमुखांची नवरी घेऊन येताना गावाबाहेरच्या ओढ्यात मेणा पडला. नवरीचा हात मोडला. बारा-तेरा वर्षांची पोर होती. भुजंगनं सगळ्यांसमोर सांगितलं की ओलीत दगड होता, लिंबाजीनं हाक दिली नाही. लिंबाजी काहीच बोलला नाही. म्हणजे चूक त्याचीच, असं सगळ्यांनी धरलं. देशमुखांच्या माणसांनी त्याला झोडपलं. वस्तीनं सालभर त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

आत बसलेल्या नवरीला काही विचारलं का कुणी? असं मी म्हटल्यावर बायनाबाई हसल्या. "नवरीला कोन इचारतंय, बाई."

हे दोघे आता एका दांड्याखाली कसे आणायचे? दिनकररावांना काय, कागदावर 'मेणा — भोई समाज' लिहिलं की झालं.

बुधवार, २३ जानेवारी

भुजंगला विचारलं, पुढे कोण चालेल? त्यानं नाव घेतलं नाही. पुढं त्योच पायजे, म्हणाला. लिंबाजीकडे गेले. तो जाळं विणत होता. सगळं ऐकून घेतलं आणि मेण्याला दांडा कोणत्या लाकडाचा आहे तेवढं विचारलं. याचा अर्थ हो असावा.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. गूळ-शेंगदाणे. पोरांना लेझीम काही जमत नाही. माझा घसा बसलाय.

नावेत रोज जीव मुठीत धरून बसते. आणि रोज हा माणूस नाव बरोबर पायरीला लावतो! वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही. डोळसाला जमणार नाही. मीच उगाच बाऊ करतेय का? पण मनकर्णा त्या दिवशी खडकाजवळ पडली असती तर?

मंगळवार, २९ जानेवारी

शाळेच्या पटांगणात मेण्याची तालीम झाली. देशमुखांच्या गड्यांनी मेणा आणून ठेवला. वाघळांची घाण, पडद्यांना भोकं. सगुणाबाई म्हणून वस्तीतल्या म्हातारीनं धुऊन, टाके घालून दिले.

तेव्हा कळलं या कामाची रीत काय आहे. मागच्या गड्यापुढे मेणा असतो, त्याला वाट दिसत नाही. आपल्या पायाखालचं काय दिसेल तेवढंच. म्हणून पुढच्यानं सांगायचं — काटा, खड्डा, ओल, चढ. मागच्यानं 'व्हय' म्हणायचं. 'व्हय' आल्याशिवाय पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. दोघं बावीस वर्षं बोलत नाहीत, पण खांद्यावर दांडा आल्याबरोबर हाका सुरू झाल्या. "काटा डावा." "व्हय." "उतार हाय." "व्हय." हाक म्हणजे बोलणं नव्हे, असं दोघांच्याही मनात पक्कं असावं. आणि मागे भुजंग असा चालला की मी बघतच राहिले. नावेत चढताना चाचपडणारा माणूस हाच का?

एक अडचण निघाली. रिकामा मेणा उड्या मारतो, वजन पाहिजे. सरपंच भगवानरावांच्या सुनेला विचारलं, ती लाजून आत पळाली. उश्या भरून पाहिल्या, त्या एका बाजूला गोळा झाल्या. शेवटी दिनकररावांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुमचं वजन बेताचंच आहे. दीड वर्षात गावातल्या एकाही घरानं उंबऱ्याच्या आत बस म्हटलं नाही. आता थेट देशमुखांच्या मेण्यात! मी नाही म्हटलं. म्हातारी माणसं मला वाहून नेणार, मी काय आजारी आहे? पण भुजंग म्हणाला, वजन नसलं तर मागचा पडतो. मग काय करणार.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

उद्या मेळावा. मांडव झाला, कमान झाली, कर्णे लागले. त्यातला एक थेट नदीकडे तोंड करून. सकाळपासून 'हॅलो हॅलो' ऐकतेय. पायांची आग होतेय.

उद्घाटन असं ठरलंय. पाहुणे घाटाच्या पायरीवर उभे राहणार. आमच्या वाडीची पोरं लेझीम घेऊन सजवलेल्या नावेतून येणार. पायरीला नाव लागली की बायका ओवाळणार. दिनकररावांनी दहा वेळा बजावलं, त्या वेळी त्या वेड्याचा डबा वाजता कामा नये, रेडिओचे लोक आवाज टिपायला येणार आहेत. सांगायचं कुणी? मी.

लिंबाजीला म्हटलं, उद्या सकाळी डबा बंद. नवं पागोटं बांधून कमानीपाशी उभे राहा. त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"बाई, इचार करून सांगायल्या का?"

मी खेकसले त्याच्यावर. एक दिवस पाणकावळ्यांनी दोन मासे खाल्ले तर काय आभाळ कोसळणार आहे का, म्हटलं. तो बरं म्हणाला आणि जाळं उचलून निघून गेला. दिवसभराचा शीण बिचाऱ्यावर काढला. पण डबा बंद होणार याचा आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

शनिवार, २ फेब्रुवारी

अक्षर बघा कसं येतंय.

सकाळी नऊला निघालो. नावेला झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे. सतरा पोरं, मी आणि भुजंग. निम्म्या पात्रापर्यंत ठीक होतं. तेवढ्यात कर्णा सुरू झाला. स्वागताचं गाणं, मग दिनकररावांचा आवाज, मग पुन्हा गाणं. आवाज पाण्यावर आपटून चारी बाजूंनी यायला लागला. भुजंगनं वल्हं थांबवलं. मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आज डबा का वाजंना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! पाणकावळे कसले आलेत. सकाळी त्या काठाला, संध्याकाळी या काठाला. आम्ही निघालो की सुरू, नाव लागली की बंद. दीड वर्ष मी त्या डब्याला शिव्या घालत होते, आणि भुजंग त्याच्या आवाजावर नाव लावत होता. आणि कालच मी तो बंद केला होता. मी, माझ्या तोंडानं!

नाव खाली सरकायला लागली. पाणी खडकांकडे ओढत होतं. मी ओरडले, इकडे, इकडे! भुजंग म्हणतोय, इकडं म्हंजी कुकडं? मला सांगता येईना. डावं म्हणावं तर माझं डावं की त्याचं? पोरं रडायला लागली. मनकर्णानं माझा पदर गच्च धरला होता. काठावरचे लोक हात हलवत होते, त्यांना वाटलं आम्ही मजेत आहोत.

आणि मग ठण् ठण् ठण्! पायरीवर लिंबाजी. ओवाळायला उभ्या असलेल्या बाईच्या हातातलं ताट त्यानं हिसकावलं, कुंकू-हळद-तांदूळ सगळं पायरीवर सांडलं, आणि तांब्यानं ते ताट बडवायला लागला. भुजंगचं तोंड एकदम तिकडे वळलं. वल्हं जोरात पडायला लागलं. नाव फिरली, पण मागची बाजू खडकाला घासलीच. फळी चिरली, पाणी आत. वस्तीतल्या भोयांनी उड्या टाकल्या, पोरांना खांद्यावर घेतलं. सतराच्या सतरा मोजली मी. दोनदा मोजली. चार लेझमी वाहून गेल्या, बाकी कुणाला ओरखडा नाही.

आणि शिव्या कुणाला? लिंबाजीला! ओवाळणी विस्कटली, पाहुण्यांच्या धोतरावर कुंकू उडालं. दिनकररावांनी त्याला वेडा म्हटलं, भगवानराव मारायला धावले. भुजंग दारू प्यालाय अशी कुजबुज झाली. तो थेंबाला शिवत नाही. दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी पायरीवर ओल्या लुगड्यानं बसून राहिले आणि माईकवर माझं नाव पुकारलं गेलं, संयोजनाबद्दल अभिनंदन म्हणून. लाज वाटली. अजून वाटतेय.

रविवार, ३ फेब्रुवारी

मेणा झाला. अंगाचं चिपाड झालंय, पण आजच लिहायला हवं.

सकाळी दिनकरराव म्हणाले, त्या लिंबाजीला काढा, दुसरा कोणी पुढे द्या. मी म्हटलं, मग आत उश्या भरा, मी बसणार नाही. एवढ्या मोठ्यानं मी नोकरीत कधी बोलले नव्हते. त्यांनी लिंबाजीला राहू दिलं.

भाषणं लांबली. मेणा निघाला तेव्हा ऊन पार उतरलं होतं. घाटापासून ओढा ओलांडून मांडवापर्यंत जायचं. तोच ओढा. पडदे सोडले आणि आत अंधार. कापराचा आणि जुन्या लाकडाचा वास. गुडघे पोटाशी घेऊन बसले. माझ्या आजीनं हा मेणा कधी पाहिला असेल तर वाटेच्या कडेला, मान खाली घालून उभी राहून. ती आज असती तर मला उतर म्हणाली असती की बस म्हणाली असती, कळत नाही. खाली दोन म्हाताऱ्यांचे श्वास ऐकू येत होते. बापाच्या वयाची माणसं. मला कुठे बघावं तेच कळेना, आणि बघायला काही नव्हतंही.

पुढे हलगी वाजत होती. "काटा उजवा." "व्हय." "खड्डा हाय, लांब टाक." "व्हय." दोन्ही आवाज माझ्या दोन्ही कानांना, मी मध्ये. मग उतार लागला, पाण्याचा वास आला.

"वल हाय," लिंबाजी म्हणाला. "उजवा दगड निसटता."

मागून उत्तर नाही. मेणा थांबला. हलगी पुढे निघून गेली. आता पडणार, असंच वाटलं. मग मागून भुजंगचा आवाज आला, अगदी हलका. माझ्याशिवाय आणि लिंबाजीशिवाय कुणाला ऐकू गेला नसेल.

"त्या दिशी बी ऐकू आलतं."

लिंबाजीनं मागे वळून पाहिलं नसावं, दांडा जरासुद्धा हलला नाही. पाणी वाहत होतं. मग त्यानं पहिल्यासारखंच, पहिल्याच आवाजात सांगितलं:

"वल हाय. उजवा दगड निसटता."

"व्हय."

आणि आम्ही ओढा ओलांडला.

मांडवात मेणा टेकला, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मला विचारलं, कसं वाटलं बाई आत? मी डोळे पुसले तर त्यांना वाटलं धूळ गेली. म्हणजे लिंबाजीनं हाक दिली होती! बावीस वर्षं मार, बदनामी, मोडलेला संसार, सगळं फुकट सोसलं त्यानं. आणि ज्यानं खोटं सांगितलं त्याच्यासाठी रोज दोन वेळा डबा बडवला. मला भुजंगचा राग आला. चांगलाच आला. आणि उद्या त्याचा घाट काढून घ्यायला मीच जायचंय.

वाडीच्या गायन पार्टीला वेळ उरला नाही. पाहुण्यांची जीप गेल्यावर त्यांनी घाटावर बसून आपली आपणच गाणी म्हटली. बायनाबाईंचा आवाज काय लागला होता!

सोमवार, ४ फेब्रुवारी

चावडीवर गेले. भगवानरावांना सगळं सांगितलं — भुजंगला दिसत नाही, डबा कशासाठी होता, तो बंद मी केला. ओढ्यातलं तेवढं सांगितलं नाही. ते त्या दोघांचं आहे.

भगवानरावांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं, दारू. मग म्हणाले, आता काही इलाज नाही, आंधळ्याच्या हाती नाव कशी ठेवू, दुसरा माणूस बघतो. बरोबरच होतं त्यांचं. मी मान हलवली. भुजंग खांबाला टेकून उभा होता. त्यानंही मान हलवली.

लिंबाजी दारात उभा होता हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. चावडीची पायरी तो बावीस वर्षांत चढला नव्हता म्हणे. तिथूनच म्हणाला, घाट माझ्या नावावर करा. वल्हं त्योच मारंल. मी म्होरं बसतो.

भगवानराव म्हणाले, अरे, तुमचं तर बोलणं नाही!

"बोलायचं कशाला? सांगायचं हाय नुसतं."

बरीच हुज्जत झाली. शेवटी पाडव्यापर्यंत बघू असं ठरलं, आणि पोरांची जबाबदारी बाईंनी लेखी घ्यावी. घेतली. आणखी एक कागद, आणखी एक सही. दमून गेलेय मी या गावात, खरंच. तरी सही ठळक केली.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

डबा वाजला नाही. तो कापून, डांबर लावून नावेच्या चिरलेल्या फळीवर ठोकलाय. लिंबाजी पुढे, भुजंग मागे, मध्ये आम्ही अठरा जण. "पान्याची वड हाय." "व्हय." "खडक डावा." "व्हय."

पोरं उतरून शाळेकडे पळाली. भुजंग वल्हं घेऊन वर गेला. लिंबाजी नाव बांधत होता. मी हळूच विचारलं, तुम्ही त्या दिवशी हाक दिली होती, मग तेव्हा सांगितलं का नाही?

त्यानं गाठ पक्की केली.

"मी हाक दिलती म्हनलो असतो, तर लोक इचारले असते, मंग ह्यो पडला कसा. त्याला तवाच सांजचं दिसत नव्हतं, बाई."